पात्रनिवड चालू आहे

२ मार्च २०१४, रविवार

यंदाही ऑफिसने डायरी दिली. जूनमध्ये आंध्रची दोन राज्ये होणार, म्हणजे या नावाच्या ऑफिसची ही शेवटची डायरी. कोरी ठेवणे बरे नाही म्हणून लिहायला घेतली. वाचणारे कुणी नाही, तेव्हा थोडक्यात लिहीन.

सकाळी पुण्याहून संभाजीचा फोन. जेवण झालं का, झालं. तब्येत बरी ना, बरी. मग दोघेही गप्प. पंचफुला होती तेव्हा फोन तिच्याच हातात असायचा. माय-लेकरं तासभर बोलायची आणि मी मागून ‘नोकरीचं विचार’ एवढेच म्हणायचो. नोव्हेंबरात ती गेली. तेव्हापासून फोन माझ्या हातात आला आहे आणि काय बोलायचे ते मला सुचत नाही.

आज मात्र संभाजीने विषय काढला. जानेवारीत आला होता तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर त्याने एक गेम टाकून ठेवला आहे. रोल-प्लेइंग. आपण एक पात्र घ्यायचे आणि इंटरनेटवरून एकत्र हिंडायचे. हेडफोन लावला की बोलताही येते. म्हणाला, पप्पा, दर रविवारी सकाळी दहाला, तुम्ही आणि मी. काही अवघड नाही, पात्र निवडायचं की झालं चालू.

मी म्हणालो, पुढच्या रविवारी नक्की.

मला अशा गोष्टीची गरज आहे असे नाही. मी ठीक आहे. मुलाला परगावी एकटे वाटत असावे. त्याच्यासाठी करायला हरकत नाही.

६ मार्च, गुरुवार

माहिती न घेता कशात पडायचे नाही, ही नोकरीतली सवय. ऑफिस सुटल्यावर हिमायतनगरला गेमच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, चच्चा, किस के वास्ते? पोतरे के? मी म्हणालो, माझ्यासाठी. त्याने लगेच खुर्ची दिली, पाणीही दिले.

आरपीजीचे, म्हणजे अशा रोल-प्लेइंग गेमचे, प्रकार बरेच निघाले. काहींत आपली पाळी आली की आपण वार करायचा, तोवर समोरचा थांबतो. हा प्रकार सभ्य वाटला. काहींत कुणी कुणासाठी थांबत नाही. काही गेम एकट्याने खेळायचे, काही चौघांनी मिळून. संभाजीने टाकलेला गेम चौघांचा आणि न थांबणारा. दुकानदार म्हणाला, चच्चा, इत्ता सोचो नक्को, दिल बोला सो लेलो, मरे तो फिर उठते.

मेलेला पुन्हा उठतो हे त्याने दोनदा सांगितले. मी निघालो. बसची वेळ झाली होती.

९ मार्च, रविवार. सकाळी ११

सुरुवात झाली नाही. गेमच्या माहितीचे ऑफिसात काढलेले प्रिंट अपुरे आहेत. संभाजीला सांगितले, अभ्यास चालू आहे. तो म्हणाला, पप्पा, ही काय परीक्षा आहे का? मी म्हणालो, परीक्षेला निदान सिलॅबस असतो.

पुढच्या रविवारपर्यंत पात्राचा निर्णय पक्का.

१६ मार्च, रविवार

अडचण तत्त्वाची आहे.

गेममध्ये पाच प्रकारची पात्रे आहेत. योद्धा, चोर, जादूगार, पुजारी आणि गाणारा. प्रत्येकाचे काम प्रिंटवर सविस्तर आहे. आपल्या घरात सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हटले जाते. पंचफुला म्हणायची, मी तिच्या मागे म्हणायचो. आता मी एकटाच म्हणतो, म्हणजे मनात म्हणतो. तर योद्धा घेतला की हिंसा आली. चोराचा प्रश्नच नाही. जादूगार म्हणजे अंधश्रद्धा. पुजारी देवीची प्रार्थना करून जखमा भरतो, तिथे बावीस प्रतिज्ञा आडव्या येतात. उरला गाणारा. तो निरुपद्रवी वाटला, पण वाचून पाहिले तर त्याची सगळी गाणी दारूच्या गुत्त्यात.

धनुष्यवालाही आहे, पण तो योद्ध्याचाच पोटभाग. लांबून मारले तरी हिंसा ती हिंसाच.

संभाजीला हे सर्व फोनवर समजावले. तो आधी हसला असे वाटले, पण लाइन खराब होती. म्हणाला, पप्पा, ते राक्षस आहेत, कार्टूनमधले. मी म्हणालो, तत्त्व ते तत्त्व. हिशेब किंवा रेकॉर्ड ठेवणारे पात्र नाही का, असेही विचारले. नाही म्हणाला.

दहा मिनिटे बोलणे झाले. अलीकडे एवढे झाले नव्हते.

१९ मार्च, बुधवार

ऑफिसात काम बंद, चर्चा चालू. कपाटे, पंखे, खुर्च्या, सगळ्याची वाटणी होणार. माणसांचीही. तेलंगण की आंध्र, असा ऑप्शन मागवणार म्हणतात. एकदा दिलेला ऑप्शन अंतिम. आपण शिकलो इथे, राहतो इथे, तरी खात्री कुणाला नाही.

जेवणाच्या सुट्टीत किशनराव माझ्या टेबलाशी आले. हे माझ्याच सेक्शनमधले, मूळचे नांदेडकडचे, ओळख तीस वर्षांची. सहज म्हणून त्यांना पात्रांचे सांगितले. त्यांना वाटले ही नवीन केडर आहेत. विचारू लागले, योद्ध्याला प्रमोशन किती वर्षांनी, आणि पुजाऱ्याला फील्ड ड्युटी असते का. खुलासा केला तरी त्यांचा रस कमी झाला नाही. म्हणाले, नंतर बदलता येतं का? मी म्हणालो, प्रिंटवर तरी नाही असेच दिसते. एकदा निवडले की तेच.

किशनराव डबा बंद करत म्हणाले, मग राव, ऑप्शन देऊच नका. ज्यानं ऑप्शन दिला नाही त्याला कोण हलवतंय? बसला तिथंच बसून राहतो.

अनुभवी माणसाचा सल्ला. विचार करण्यासारखा आहे.

२३ मार्च, रविवार

गेम राहिला. पण त्याला कारण आहे. अक्का आली होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भागूबाई. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाली, अंबरपेटला राहते, विद्यानगरला माझ्याकडे महिन्यातून एकदा येते आणि दोन दिवसांची भाजी करून ठेवते. येताना अंबाडी घेऊन आली. आल्या आल्या म्हणाली, काय रे, वजन किती उतरलंय, आरशात बघतोस का? मी म्हणालो, कामाचा ताण.

दहाला फोन वाजला. मी म्हणालो, अक्का आली आहे, पुढच्या रविवारी. फोन ठेवल्यावर अक्काने सगळे विचारून घेतले. पाच पात्रांची अडचण तिने शांतपणे ऐकली, अंबाडी निवडता निवडता. मग म्हणाली, अरे उत्तम, तू हौला झालास का, येड्या? लेकरू खेळायला बोलवतंय आणि तू त्याला वंदना सांगतोस.

अक्काला गेममधले कळत नाही.

जाताना तिने विचारले, कॉम्प्युटर कुठंय तुझा? मी सांगितले, मागच्या खोलीत. मागच्या खोलीत उन्हाळ्यात फार उकडते, म्हणून मी तिकडे जात नाही. पंचफुलाची खाट तिथेच आहे. शेवटचे पाच महिने ती तिथेच होती. पण मुख्य कारण उकाडा.

६ एप्रिल, रविवार

मधला रविवार पाडव्याच्या आवराआवरीत गेला. फारसे आवरले नाही.

आज निर्णय घेतला की कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आणायचा. तसे झाले की त्याच दिवशी खेळायला बसायचे. केबलवाल्याला बोलावले. तो म्हणाला, साब, वायर पीछे के कमरे में आ री, यां तक लाना बोले तो दीवार में छेद मारना पडता. मी म्हणालो, मार. तो म्हणाला, अंदर चलो, कां मारना दिखाओ.

भिंतीला छिद्र पाडणे म्हणजे घरमालकाची परवानगी आली. ती न घेता काम करणे योग्य नव्हे. त्याला चहा देऊन परत पाठवले. चहा पिताना तो म्हणाला, साब, कंप्यूटर उधरीच ठीक है ना? मी म्हणालो, हवा नाही. तो म्हणाला, खिडकी तो है.

लोक नको तिथे लक्ष घालतात.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. विहारातून नामदेवराव बोलवायला आले. दरवर्षी खिरीचे पातेले पंचफुलाच्या ताब्यात असायचे, यंदा बायका विचारत होत्या म्हणाले, साखर किती घालायची ते. मी म्हणालो, मला ठाऊक नाही. ऑफिसचे काम घरी आणले आहे, असेही सांगितले. ते दारात थोडे थांबले, मग जयभीम करून गेले.

काम म्हणजे गेमचे प्रिंट. आता बराच गठ्ठा झाला आहे. सैन्यात भरती होणारा माणूस एवढे वाचत नसेल. अभ्यासाच्या बाबतीत मी संभाजीच्या पुढे गेलो आहे यात शंका नाही.

२० एप्रिल, रविवार

आज खेळलो असे सांगितले.

म्हणजे झाले असे. संभाजीने विचारले, पप्पा, बसलात का? त्याचा आवाज जरा थकलेला होता. मुलाला निराश करणे बरे नाही. आणि तत्त्वतः अभ्यास हाही खेळण्याचाच भाग आहे. म्हणून मी म्हणालो, हो, काल बसलो होतो. तो म्हणाला, खरंच? काय घेतलं? मी म्हणालो, योद्धा. लेव्हल? चार. कुठपर्यंत पोचलात? प्रिंटमधले पान बत्तीस समोर होते, मी म्हणालो, काळ्या जंगलाच्या पलीकडे, दोन लांडगे मारले.

त्याने लांडग्यांचा आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाला, छान पप्पा.

प्रभावित झाला असावा. लेव्हल चार एका बैठकीत सोपी नाही.

२७ एप्रिल, रविवार

संभाजीचा फोन आला नाही. दहा वाजून गेले. साडेदहालाही नाही. मी पुढच्या खोलीतच होतो.

मुले कामात असतात. मी फोन केला नाही, उगाच त्रास नको. लांडग्यांचा पुढचा भाग तयार करून ठेवला होता.

४ मे, रविवार. दुपार

अक्का न कळवता आली. भाजी न आणता. चपलाही न काढता दारातच म्हणाली, किती लांडगे मारलेस रे?

संभाजीने तिला फोन केला होता. कोण गेममध्ये आले आणि कोण कधीच आले नाही, ते त्याला तिकडे पुण्यात दिसते म्हणे. प्रिंटमध्ये याचा उल्लेख नव्हता.

अक्का म्हणाली, चोर नको, योद्धा नको, दारू नको, सगळं शील पाळलंस बाबा. आणि खोटं बोलू नये हे चौथं कुठं गेलं तुझं? पोटच्या पोराशी?

मी म्हणालो, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

ती मग बसली. हळू आवाजात म्हणाली, त्याची माय गेली रे उत्तम. बाप हाय, पण तो फोनवर जेवलास का पलीकडं जात न्हाई. पोरगं फोनवर रडलं माझ्यापाशी. म्हणलं, आत्या, आईशी बोलायचो तसं पप्पांशी बोलता येत नाही, म्हणून म्हटलं काहीतरी संगट करू. आन तू त्याला पान नंबर बत्तीस वाचून दाखवतोस. असंच चाललं तर तो पण फोन करायचा बंद होईल. मग बस भिंतीकडं बघत.

मी म्हणालो, मागच्या खोलीत उकडतं.

अक्का उठली, मागच्या खोलीचे दार ढकलले, आत गेली, पंखा लावला आणि पंचफुलाच्या खाटेवर आडवी झाली. हे लिहितो आहे तेव्हा ती घोरते आहे.

मी दारापर्यंत जाऊन आलो. बिजागरी कुरकुरते. तेल घालायला हवे. ते झाल्याशिवाय आत-बाहेर करणे सोयीचे नाही.

११ मे, रविवार

तेल घातले. आत गेलो. पाहणी केली.

खिडकीत औषधाच्या बाटल्या तशाच होत्या. चमचाही. तारखा बघितल्या, काहींची मुदत अजून आहे. त्या पिशवीत भरल्या, अक्काला देईन, दवाखान्यात कुणाला उपयोगी पडतील. खाट भिंतीला सरकवली. चादर घडी केली. घडी नीट जमेना म्हणून पुन्हा उघडली आणि पुन्हा केली. त्यात साडेनऊ झाले.

पावणेदहाला कॉम्प्युटर लावला. दहाला वीज गेली. ही माझी चूक नाही. वीज खात्याला तक्रार करणार आहे.

संभाजीला फोन लावून सांगितले, लांडगे मारले नव्हते. तो म्हणाला, माहीत आहे. मी म्हणालो, आज मात्र बसलो होतो, वीज गेली. तो म्हणाला, अस्सं. याला मी पुरावा काय देणार? म्हणालो, किशनरावांना विचार. किशनरावांना काय ठाऊक, ते मलाही माहीत नाही. घाईत तेच नाव तोंडात आले.

१८ मे, रविवार

प्रत्यक्ष कामाला आरंभ. पात्र बनवायला घेतले.

आधी चेहरा. नाकाचेच अठरा नमुने. सर्व तपासले. भुवया. हनुवटी. मग आवाज, त्यात एकही आपल्याकडचा नाही. जेवायची वेळ झाली तेव्हा चेहरा तयार झाला. थोडा किशनरावांसारखा दिसतो, पण आता बदल करणे नाही.

मग नाव. उत्तम लिहिले, तर हे नाव आधीच घेतलेले आहे असा संदेश आला. जगात कुणीतरी उत्तम नावाने आधीच हिंडतो आहे. उत्तमराव लिहिले, तेही गेलेले. शेवटी उत्तमराव सुपरिंटेंडेंट असे लिहिले. ते लगेच मिळाले.

पात्राचा प्रकार पुढच्या वेळी. घाईत ऑप्शन द्यायचा नाही.

संभाजी म्हणाला, पप्पा, एवढं आलात तर द्या की आजच. मी म्हणालो, रविवारपर्यंत पक्के करतो. तो म्हणाला, बघा. एवढेच. आधी तो ‘ठीक आहे पप्पा’ म्हणायचा.

२५ मे, रविवार

अक्काला फोन करून सल्ला घेतला. सल्ला घेण्यात कमीपणा नाही. ती म्हणाली, जखमा भरणारा कोणता म्हणालास? तोच घे. मी म्हणालो, तो पुजारी आहे. ती म्हणाली, मग नर्स समज. मी जन्मभर काय केलं? आन पाच महिने तू काय केलंस? औषध, पाणी, पाठ फिरवणं, पुसणं. एवढं करून तुला अजून कागद वाचायचेत?

पुजाऱ्यावर बोट ठेवले आणि बटण दाबले. देवीबिवी काही मानणार नाही, फक्त मलमपट्टीपुरते. आता हे कायम. दाबल्यावर छातीत थोडे धडधडले, ते चढउतारामुळे असेल, नुकताच खालून पाणी घेऊन आलो होतो.

तोवर अकरा वाजून गेले. आत गेलो नाही. पुढच्या रविवारी थेट प्रवेश. तयारी अशी आहे की पहिल्या दिवशीच मजल मारायची.

१ जून, रविवार. दुपार

उद्यापासून राज्य दोन. रस्त्यावर सकाळपासून गुलाबी झेंडे आणि ढोल आहेत. खिडकी लावून घेतली.

दहाला गेममध्ये गेलो.

एक गाव. गावाची वेस. वेशीत एक पात्र उभे होते, डोक्यावर ‘संभाजी, लेव्हल एक’ लिहिलेले. हेडफोनमध्ये तो म्हणाला, पप्पा? मी म्हणालो, हो. तो म्हणाला, आलात.

शेजारी आणखी दोघे होते, झगमगीत चिलखते घातलेले, लेव्हल तीस-पस्तीसचे. त्याच्या ऑफिसातले. त्यातल्या मुलीने नमस्कार केला. म्हणाली, काका, बरं झालं आलात. आपण चौघांनी मिळून खेळायचं ठरलं होतं. आम्ही दोघं कधीच पुढं गेलो, हा मार्चपासून दर रविवारी इथंच उभा. चल म्हटलं तर म्हणायचा, पप्पा यायचेत, त्यांना रस्ता सापडणार नाही. संभाजी तिला म्हणाला, गप ना. ती म्हणाली, का गप? खरंच आहे.

मी विषय बदलला आणि पुढे निघालो. तळ्याकाठी एक बदक होते. प्रिंटमध्ये बदकाची माहिती नाही. त्याला वाट द्यावी म्हणून बाजूला झालो, तर चुकीचे बटण दाबले गेले आणि माझी काठी त्याला लागली. बदकाने मला मारले. म्हणजे मी मेलो.

वेशीत पुन्हा उभा राहिलो. दुकानदार बरोबर सांगत होता, फक्त ते गेममध्ये. पुन्हा गेलो, पुन्हा मेलो. तिसऱ्यांदा मलमपट्टीचे बटण सापडले, पण ते मी बदकाला लावले.

संभाजी हसायला लागला. थांबेनाच. हसता हसता म्हणाला, पप्पा, आईनं हे बघायला हवं होतं, तिनं तुम्हाला वर्षभर चिडवलं असतं. मी म्हणालो, वर्षभर कसलं, तिने विहारातही सांगितले असते. मग तो आईविषयी बोलत राहिला, मीही बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही, लांबेल. हेडफोन काढला तेव्हा कान दुखत होते.

आता आढावा. संभाजीची प्रगती असमाधानकारक. तीन महिन्यांत लेव्हल एक, वेशीबाहेर पाऊल नाही, बरोबरचे कुठल्या कुठे गेले. कारण उघड आहे. मुलाने काहीही वाचन न करता सुरुवात केली. त्याला वेशीबाहेर काढायचे काम आता माझ्यावरच आले. पुढच्या रविवारी मी पुढे चालणार आणि तो माझ्या मागे.

फक्त ते बदक आधी कुणीतरी बाजूला करायला हवे.